अर्ध्या बाटलीचे आस्तिक

आपल्याकडे नास्तिकांना तोटा नाही, पण उरलेल्या ब्रेक ऑइलवर श्रद्धा नसलेला गाडीवाला मला अजून भेटायचा आहे. जिन्याखालच्या फळीवर, गॅलरीतल्या पिंपामागे, नाहीतर डिकीत स्टेपनीच्या खाचेत एक बाटली असतेच. अर्धी. खांद्यावर धुळीचा थर, लेबलाचा एक कोपरा उंदराने किंवा काळाने खाल्लेला, आणि 'डॉट'च्या पुढचा आकडा 3 होता की 4 हे ठरवायला पुरातत्त्व खात्याला पाचारण करावं अशी अवस्था. उघडली कधी? "मागच्या सर्व्हिसिंगला." मागची सर्व्हिसिंग कधी झाली? इथे गृहस्थ बायकोकडे बघतात. बायको म्हणते, धाकटीच्या बारशाच्या आसपास. धाकटी यंदा दहावीला आहे.

मग येतो तो ऐतिहासिक प्रश्न. "वापरलं तर चालेल ना हो?"

हा प्रश्न नव्हेच, ही पापक्षालनाची आगाऊ विनंती आहे. उत्तर त्यांचं ठरलेलं असतं. ते फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून वदवून घ्यायचं असतं, म्हणजे पुढेमागे काही झालंच तर "अहो, त्यांनीच सांगितलं" म्हणायची सोय. मी कित्येकांना ही सोय नाकारलेली आहे आणि त्यामुळे सोसायटीत माझी ख्याती 'फार शिकलेला' अशी आहे. हे कौतुक नाही, हे तुम्हांला सांगायला नको.

प्रश्न किती रुपयांचा आहे? अर्ध्या लिटरची नवी, सीलबंद बाटली चौघांच्या साध्या नाश्त्याच्या बिलात येते. गाडी बारा लाखांची. सीट कव्हरं अशी की त्यांच्यावर बसायला पाहुण्यांना संकोच वाटावा. पुढच्या बंपरला लिंबू-मिरची, आणि ती दर शनिवारी ताजी. हो, ताजी! शिळी लिंबू-मिरची चालत नाही, तिच्यातली शक्ती उतरते म्हणे. दसऱ्याला झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली फोडायला लिंबू. सुरक्षेचा एवढा चोख बंदोबस्त झाल्यावर चार जिवांना थांबवणाऱ्या एकमेव द्रव्याची पाळी येते, आणि गृहस्थ जिन्याखाली वाकतात.

या द्रव्याइतकी उपेक्षा गाडीत दुसऱ्या कशाच्या वाट्याला आलेली नाही. इंजिन ऑइलवर परिसंवाद झडतात. कूलंट हिरवं की गुलाबी यावरून जुने मित्र बोलेनासे होतात. ब्रेक ऑइलला कुणी विचारत नाही, कारण त्याचं काम फार नीरस आहे: न दबणं. तुमचा पाय पेडलवर पडला की तो दाब जसाच्या तसा चाकांपर्यंत पोचवायचा, मधल्या मधे खायचा नाही. (सरकारी योजनांना हे जमलेलं नाही.) सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच गृहस्थाने यामागचा नियम सांगितला, आपण तो शाळेत पाठ केला, दोन गुण घेतले आणि विसरलो. 1921 साली अमेरिकेत ड्यूसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक लावलेली मोटार आणली. त्यामागचं डोकं माल्कम लॉकहीडचं. हेच आडनाव पुढे विमानांवर झळकलं. त्या सुरुवातीच्या काळात ब्रेकच्या नळ्यांतून एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण खेळत असे. दोन्ही पदार्थ माणसाच्या पोटात गेले की त्याला थांबवणं कठीण, आणि त्यांच्याच भरवशावर मोटारी थांबवायच्या!

आज त्या जागी ग्लायकॉल ईथरच्या कुळातली रसायनं असतात. मोठी गुणी. सहजासहजी उकळत नाहीत, थंडीत गोठून बसत नाहीत, ब्रेकमधल्या रबराला इजा करत नाहीत. व्यसन एकच: पाणी. हवेत जी काही वाफ भटकत असेल ती ही मंडळी ओढून घेतात. पंडित याला आर्द्रताशोषण म्हणतात. आपल्या घरात त्याला सादळणं म्हणतात, आणि त्याची घरात केवढी दहशत असते! पापडाचा डबा बघा. वर घट्ट झाकण, झाकणाखाली प्लॅस्टिक, प्लॅस्टिकखाली कागद, आणि शिवाय "उघडा टाकलास तर याद राख" ही तोंडी तरतूद. दोन रुपयांचा पापड सादळू नये म्हणून त्रिस्तरीय संरक्षण. त्याच घरात ब्रेक ऑइलच्या बाटलीचं मूळ झाकण हरवलेलं असतं, आणि तोंडाला दुधाची पिशवी रबरबँडने बांधलेली असते. कोकणातल्या चार पावसाळ्यांनंतरही तिच्यात पाणी शिरलेलं नाही, अशी मालकाची खात्री असते. पिशवी आत्ता जराशी सैल झालीय, एवढंच.

पाणी शिरलं तर शिरलं, होतं काय? आकडे थोडे सोसा, पुढे मजा आहे. 'डॉट' म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं. त्या खात्याचा दंडक असा की ताजं, कोरडं डॉट 3 ऑइल 205 अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, डॉट 4 ऑइल 230 च्या आत. खातं अमेरिकन असलं तरी शहाणं, म्हणून त्याने पुढचाही प्रश्न विचारला: यात पाणी शिरल्यावर काय? साधारण 3.7 टक्के पाणी मुरलेल्या डॉट 3 ची किमान मर्यादा येते 140 अंशांवर, डॉट 4 ची 155 वर. अर्ध्या लिटरच्या बाटलीत 3.7 टक्के म्हणजे किती? चहाचे जेमतेम चार चमचे. चार चमच्यांत पासष्ट ते पंच्याहत्तर अंश गायब. आणि पाण्याची वाफ झाली की ती उघड्या हवेत मूळ पाण्याच्या सुमारे 1600 पट जागा मागते. द्रव दबत नाही, वाफ दबते. नळीत असा एखादा बुडबुडा झाला की पाय पेडलवर, पेडल तळाला, आणि गाडी पूर्वीच्याच उत्साहाने पुढे.

हे सगळं सांगितलं की आस्तिक हसतो. त्याचं स्वतःचं प्रमाणशास्त्र आहे. न्यायदर्शनाला चार प्रमाणं लागली, याचं तीनांत भागतं.

पहिलं प्रत्यक्ष. बाटली उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा: "कसं स्वच्छ आहे बघा, अगदी पाण्यासारखं!" अहो, तीच तर तक्रार आहे. पाण्याला रंग नाही, वास नाही, आणि या रसायनात ते इतकं बेमालूम मुरतं की तळाला थर बसत नाही, वर थेंब तरंगत नाही. काळं पडलेलं ऑइल जुनं असतं हे खरं. पण त्यावरून सोनेरी, झुळझुळीत ऑइल कोरडं असतं हे सिद्ध होत नाही, जसं पांढऱ्या कपड्यांवरून पुढाऱ्याबद्दल काही सिद्ध होत नाही. काही अनुभवी मंडळी दोन बोटांत थेंब चोळून बघतात आणि मान डोलावतात. बोटांना क्वथनांक कळला असता तर थर्मामीटर काढण्याच्या भानगडीत कुणी पडलं असतं का? बरं, चोळून झाल्यावर ते बोट कुठे पुसतात? बॉनेटला. ग्लायकॉलचं ऑइल रंग खातं. काही दिवसांनी तिथे बोटाच्या आकाराचा फुगवटा येतो आणि गृहस्थ कंपनीच्या रंगाला शिव्या घालतात. रंगाला शिव्या, बाटलीला अभय.

दुसरं अनुमान. "गेल्या वेळी हेच टाकलं होतं, काही झालं नाही." हे अनुमान मला फार आवडतं, कारण ते करायला माणूस जिवंत लागतो. ज्यांच्या बाबतीत काही झालं ते वादाला येत नाहीत. आणि काही होणार तरी कसं? लक्ष्मी रोडवर गाडी इतकी चालते कुठे, की ती थांबवताना ब्रेक तापावेत? शहरातल्या रांगत्या रहदारीत ऑइलची परीक्षाच होत नाही. कोऱ्या पेपरवर रोज पैकीच्या पैकी गुण घेऊन ते घाटात येतं.

तर घाटाचा हिशेब मांडू. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी हजार मीटरहून जास्त खाली येते. पाच माणसं, स्ट्रॉबेरीच्या पेट्या आणि "ओरिजिनल आहे हो" म्हणून घेतलेला मध धरून वजन दीड टन. एवढं धूड एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती होते चार युनिट विजेइतकी. ती कुठेतरी जायला हवी. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर बरीचशी इंजिन पचवतं. पण आमचा आस्तिक पेट्रोलही वाचवतो ना! उतार लागला की गाडी न्यूट्रल. मग हवेने खाल्लं तेवढं सोडून बाकी सगळं बिल ब्रेकच्या नावे, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन चाकांच्या. आणि यातला विनोद अजून पुढेच आहे. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, की उताराला पेट्रोलचा फवाराच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन धुगधुगत ठेवायला पेट्रोल जळत राहतं. म्हणजे हा सद्गृहस्थ पेट्रोल जाळून ब्रेक उकळतोय, आणि वर बायकोला काटकसर शिकवतोय.

तिसरं प्रमाण शब्द, म्हणजे "मेकॅनिक म्हणाला." त्याच्याकडे मी येतोच आहे. आधी घाट संपवू, कारण सादळलेल्या ऑइलचा खरा हलकटपणा घाटातच दिसतो.

घाट उतरता उतरता धबधबा दिसतो. गाडी बाजूला. सेल्फी, कणीस, पुन्हा सेल्फी. गाडी पळत होती तोवर चाकांना वारा लागत होता. आता वारा बंद आणि तापलेल्या चकतीची सगळी धग निवांतपणे कॅलिपरमध्ये उतरते. ऑइल उकळतं ते बहुधा इथे, गाडी उभी असताना, मालक कणसाला लिंबू चोळत असताना. पेडलवर पाय होता तोवर ऑइल दाबाखाली होतं, आणि दाबाखाली द्रव उशिरा उकळतो. पाय निघाला, दाब गेला, धग आली. मंडळी गाडीत बसतात, पहिल्या वळणाला पाय ठेवतात आणि पेडल लोण्यात सुरी जावी तसं तळाला जातं. नशीब असेल तर हँडब्रेक, गिअर आणि डोंगराची बाजू यांच्या कृपेने गाडी थांबते. आरडाओरडा, देवाचा धावा, फोन. तासाभराने खालून मेकॅनिक येतो. तो पेडल दाबतो. "साहेब, ब्रेक तर दगडासारखा लागतोय!"

लागणारच. ऑइल निवलं, वाफेचं पुन्हा पाणी झालं, पाणी पुन्हा ऑइलात मुरलं. गळती नाही, तुटलेली नळी नाही, काही नाही. गुन्हेगाराने पुरावा पिऊन टाकलेला आहे. मग एवढ्या पंचनाम्यानंतर सर्वानुमते काय निष्कर्ष निघतो? "त्या वळणावर काहीतरी आहे." पुढच्या खेपेला त्या वळणावर नारळ फुटतो. नारळ ताजा, ऑइल तेच! महाराष्ट्रातल्या घाटांतल्या भुताखेतांची एकदा नीट खानेसुमारी केली, तर त्यातली निम्मी तरी शिजलेली निघतील असा माझा कयास आहे.

आता निःपक्षपातीपणाने दुसऱ्या पंथाकडे वळू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकाच बाजूला झोडतोय. हा पंथ सोवळ्यातल्यांचा. यांच्या मते बाटलीचं सील फुटलं की ऑइल विटाळलं. दोन मिनिटं झाकण उघडं राहिलं? गटारात ओता. (ओतू नका. हे विष आहे, आणि गटार शेवटी नदीलाच मिळतं.) या मंडळींना हवा म्हणजे ओवळी वाटते. वास्तवात ऑइल असं क्षणात बाटत नाही. गेल्या महिन्यात उघडलेली बाटली, मूळ झाकण, ते घट्ट, जागा कोरडी, आणि वारंवार उघडझाप नाही: खुशाल वापरा, गाजावाजा करू नका. बाटलीवरच लिहिलेलं असतं की ऑइल मूळ डब्यातच ठेवा, स्वच्छ ठेवा, झाकण घट्ट लावा म्हणजे दमट हवा शिरणार नाही. उघडलेलं ऑइल वापरायचंच नसतं तर ते जपायला कशाला सांगितलं असतं? हा युक्तिवाद आस्तिकही करतात आणि तो बरोबर आहे. फक्त तो शिस्तीच्या माणसाला लागू होतो. शिस्तीचा माणूस बाटली उघडताना पेनाने तिच्यावर तारीख घालतो. तारीख असली की प्रश्नच उरत नाही, आणि ज्याला प्रश्न विचारावा लागतो त्याच्या बाटलीवर तारीख नसते. उत्तर हवंय ना? मिळालं.

सोवळ्यातल्यांची खरी गंमत वेगळीच आहे. दोन महिन्यांपूर्वी उघडलेली बाटली नाकाला रुमाल लावून फेकणाऱ्या एका सद्गृहस्थांना मी सहज विचारलं, "गाडीतलं ऑइल कधी बदललंत?" ते म्हणाले, "गाडीतलं? ते कशाला बदलायचं? ते आत बंद असतं."

आत बंद! अहो, तुमच्या मालकीची सर्वांत जुनी उघडी बाटली बॉनेटखाली आहे. टाकीतली पातळी वरखाली होते तेव्हा आत हवा यावी लागते, नाहीतर पोकळी होईल. म्हणून झाकणातून श्वासाची सोय केलेली असते. चाकांपर्यंत जाणारे रबरी होज तुम्हांला कितीही धट्टेकट्टे दिसले तरी वर्षानुवर्षं त्यांतून दमट हवा सावकाश पाझरत असते. म्हणून तर बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं छापलेलं असतं. ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये, कंपनीच्या कोऱ्या प्लॅस्टिकमध्ये, अस्पर्शित. तिला मात्र दमट हवा लागू दिलेली नाही.

दुचाकीवाल्यांना तर हीही सबब नाही. पुढे डिस्क ब्रेक असेल तर हँडलवर उजव्या हाताशी एक छोटी काळी टाकी असते, बाजूला इवलीशी खिडकी असलेली. तिचं झाकण बघा. त्यावर इंग्रजीत ठसवलेलं असतं: उघडण्याआधी झाकण पुसा, सीलबंद डब्यातलंच डॉट 3 किंवा डॉट 4 वापरा. छापलेलं नाही, उमटवलेलं; म्हणजे पावसाने जाणार नाही, उन्हाने उडणार नाही. सिग्नलला दोन-दोन मिनिटं हे वाक्य डोळ्यांसमोर असतं. अशोकाचे शिलालेख वाचायला निदान जेम्स प्रिन्सेप तरी सापडला. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीवरच्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे सादळलेलं ऑइल आता केसाएवढ्या वाटा आणि नाजूक झडपा असलेल्या यंत्रातूनही फिरतं आणि फिरता फिरता ती गंजवतं. त्या यंत्राची किंमत एकदा विचारून या. मग बाटलीच्या किमतीवर बोलू.

इथे एखादा अभ्यासू वाचक हात वर करेल: "मी डॉट 5 टाकतो. ते पाणी पीतच नाही." शाबास. डॉट 5 म्हणजे सिलिकोन. ते पाणी पीत नाही, म्हणून आत शिरलेलं पाणी खोलगट जागा बघून तसंच साचतं आणि तिथलं लोखंड खातं. ते बाकीच्या ऑइलांत मिसळायचं नाही, एबीएसच्या गाडीत घालायचं नाही. डॉट 5.1 मात्र पुन्हा ग्लायकॉलचं, 3 आणि 4 चं सख्खं भावंड. म्हणजे 4 आणि 5.1 एका जातीचे, मधला 5 परका. ज्या समितीने हे बारसं केलं तिच्या चहात काय होतं कोण जाणे.

आता मेकॅनिक. गॅरेजमध्ये पाच लिटरचा डबा असतो, कापलेल्या बाटलीचं नरसाळं त्यात कायमचं रोवलेलं. झाकण? ते नटबोल्ट ठेवायला. जुलैचा पाऊस पत्र्यावर वाजतोय, शेजारी गाड्या धुण्याचा फवारा चालू आहे, आणि डबा आ वासून बसलाय. "ताजं आहे ना?" असं विचारलं की उत्तर मिळतं, "रोजचा खप आहे साहेब." खप आहे हे खरं. डब्यात हवा किती शिरली हा प्रश्न नव्हताच जणू.

मग एअर काढायचा विधी. छोटू आत, उस्ताद चाकाशी. "पंप मार! मार! धरून ठेव! ... सोड." निप्पलला लावलेली पारदर्शक नळी मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत. रिकामी म्हणजे तळाशी घोटभर पाणी शिल्लक असलेली. तीत पडतं काळपट, फेसाळ, गंजाची कणी असलेलं, उभं आयुष्य चाकाशेजारी भाजून निघालेलं ऑइल. आणि टाकीतली पातळी खाली गेली की त्याच बाटलीकडे उस्तादाचा हात जातो. मी अशा वेळी उस्तादावर चिडत असे. आता नाही चिडत. कारण कित्येकदा मागे उभा असलेला मालकच म्हणतो, "अरे, वाया नको घालवू, तेच ओत परत." बदललेलं इंजिन ऑइल परत इंजिनात ओता म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. ब्रेकच्या बाबतीत मात्र पुनर्जन्मावर गाढ विश्वास.

तर बाटली कशासाठी जपली जाते? "पातळी कमी झाली की टॉप-अप करायला." इथे या संपूर्ण श्रद्धेचा पाया एकदा खणून बघू. टाकीतली पातळी हळूहळू का उतरते? ऑइल जळत नाही, उडून जात नाही. ब्रेकचे पॅड झिजले की कॅलिपरमधले पिस्टन तेवढे पुढे सरकतात आणि मागची मोकळी जागा ऑइल भरतं. पातळी खाली येते ती पॅड झिजल्याची बातमी द्यायला. आस्तिक ती बातमी वाचत नाही. टाकी 'मॅक्स'पर्यंत भरतो आणि बातमीदाराचं तोंड बंद करतो. पुढे नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले की जास्तीचं ऑइल झाकणातून बाहेर येतं, बॉनेटखालच्या रंगावर ओघळतं आणि त्याचं जे काम आहे ते करतं. आणि पातळी जर हळूहळू नव्हे तर झपाट्याने उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे. तिथे टॉप-अप म्हणजे फुटक्या घागरीची पूजा. राहिला तिसरा प्रसंग: सगळं ऑइल बदलायचं. त्याला अर्धी बाटली पुरत नाही, नवी आणावीच लागते.

म्हणजे पॅड झिजले तर ती नको, गळती असेल तर ती नको, सगळं बदलायचं तर ती पुरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या बाटलीला करायला कामच नाही. लहान बाटल्या मिळतात, लागेल तेवढंच आणावं, उरलं तर गॅरेजला विल्हेवाटीसाठी द्यावं, विषय संपला, असं मी एका आस्तिकाला नुकतंच अर्धा तास समजावलं. घसा कोरडा पडला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, बाटली पुन्हा एकदा उजेडात धरली आणि विचारलं, "मग क्लचला चालेल?"

मी म्हटलं, आधी टाकी बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच एकाच टाकीतून पितात. तसं असेल तर नाही. क्लचची टाकी वेगळी असेल, तर घाला काका, बाटली पूर्ण होईपर्यंत घाला. क्लचने दगा दिला तर गाडी जागच्या जागी अडकेल, तुम्ही भर चौकात उभे राहून शिव्या खाल, आणि बाकीचे सगळे सुखरूप घरी जातील.